जाळे नसलेला व्हॉलीबॉल

लागले, खरचटले, चेंगरले, काहीही झाले तरी अण्णा दुखऱ्या जागेवर तळहात जोरात चोळत आणि म्हणत, "काय न्हाय झालं. चालतंय की!" तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. त्याचे दुखणे आपल्याला दिसत असते आणि धीर मात्र तोच आपल्याला देत असतो.

मी नौदलात वैद्यकीय साहाय्यक होतो आणि ते डेकवरच्या टोळीचे प्रमुख. ते कडोलीचे, मी बेळगुंदीचा. एवढ्या जहाजावर बेळगावकडचे आम्ही दोघेच, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणत असे. ते मला 'डाक्टर' म्हणत, तेही चेष्टेने. सुट्टीवर निघालो की लोंढ्याला गाडी बदलताना ते स्वतःची ट्रंक डोक्यावर आणि माझी खांद्यावर घेत. मी ओढाताण केली की म्हणत, "तू गोळ्या वाटणारा मानूस. तुला वज्जं सोसायचं न्हाय. चल म्होरं."

जहाजावर माणसे कशाने जायबंदी होतात, हे किनाऱ्यावर बसून कळत नाही. आमच्या वाट्याला तोफा क्वचितच आल्या. रोज आल्या त्या शिड्या. उभ्या, अरुंद, लोखंडी. पायाखाली तेलाचा ओशटपणा, हातात ओझे आणि डोळ्यांवर दोन-दोन दिवसांची झोप. इंजिनखोलीकडे उतरणाऱ्या शिडीची एक पायरी तर झिजून गुळगुळीत झाली होती. ती पायरी सगळ्यांना ठाऊक होती. दुखापतींच्या नोंदवहीत मात्र ती कुठेच नव्हती.

ती वही मी लिहीत असे. कामावर दुखापत झाली असे लिहिले की चौकशी लागे, वरिष्ठांची नाराजी ओढवे. आणि माणसाची वैद्यकीय श्रेणी उतरली की त्याचा समुद्र सुटे. म्हणून आमच्याकडे एक रीतच पडून गेली होती. जो कोणी पडे, तो व्हॉलीबॉल खेळताना पडे. जहाजावर जाळे नव्हते. चेंडू तर मी कधी पाहिलाही नाही. पण माझी वही वाचणाऱ्याला वाटले असते की आमच्याइतके खेळाडू कुठल्याच जहाजावर नसतील. यावर सगळे हसत. मीही हसत असे.

अण्णा पहिल्यांदा त्या पायरीवरून घसरले ते रंगाचा डबा घेऊन उतरताना. दुपारी कंबर धरून माझ्यापुढे उभे राहिले. ओठ पांढरेफटक.

"अण्णा, पाठीचा फोटो काढाय पायजे."

"फोटो कशाला? माझं लगीन ठरवायचं हाय व्हय? लिव्ह, व्हॉलीबॉल."

"मणक्याला लागलं असंल, अण्णा."

"बढतीची परीक्षा तोंडावर हाय रं. श्रेणी पडली की मला गोदामात बसिवत्यात. समुद्र सोडून मी करू काय? लिव्ह गप."

मी लिहिले. तीन दिवस विश्रांती, त्यानंतर कामास योग्य. केवळ त्यांच्या आग्रहामुळे लिहिले, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला समजावले. खरे एवढेच की चौकशी मलाही नको होती.

महिन्याभरात ते पुन्हा त्याच पायरीवरून घसरले. कंबर ताठलेली होती, कठड्याला हात वेळेवर पोहोचला नाही. मी धावत गेलो तेव्हा ते खाली पडल्या पडल्या मांडी चोळत होते. नेहमीचे वाक्य आले नाही. हात थांबवून माझ्याकडे पाहत म्हणाले, "डाक्टर, मी हात लावतोय, पर मांडीला कळंना झालंय."

चौकशीच्या अधिकाऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "याच्या पाठीला आधीची खेळातली दुखापत होती?" समोर माझेच अक्षर उघडे होते. खरे सांगितले असते तर ती एक नोंद नव्हे, सगळी वहीच खोटी ठरली असती, आणि तिच्याबरोबर मी. मी म्हणालो, "होय, सर." निष्कर्ष निघाला की जुन्या दुखापतीमुळे तोल गेला, शिडीत दोष नाही. घरी कळले ते एवढेच की व्हॉलीबॉलने पाठ गेली.

अण्णा कडोलीला परतले ते खाटेवरच. मी निवृत्त होऊन गावी आलो आणि दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. पडून पडून त्यांच्या पाठीला झालेले व्रण धूत असे, कूस बदलून देत असे. गावात साहित्य संमेलनाचा मांडव पडला की लाउडस्पीकरवरची भाषणे ते खाटेवरून ऐकत आणि म्हणत, "लई बोलत्यात. उतरा म्हणावं आता, पर जपून." त्यांच्या पत्नी, आमच्या वैनी, चहा ठेवता ठेवता सुनावत, "पदरात पोरगी असताना घोड्याएवढ्या मानसानं चेंडू खेळायचा! खेळा आता." अण्णा माझ्याकडे पाहत नसत. "खेळलो बाई. चुकलं," एवढेच म्हणत.

एकदा मला राहवले नाही. "अण्णा, वैनीस्नी खरं सांगून टाकतो."

"आनि? माझं पाय येत्यात व्हय परत? ती तुला दारात हुबा करायची न्हाय. मग माझी कूस कोन बदलंल?"

हे ते हसत म्हणाले. त्या हसण्याच्या आडोशाला मी अकरा वर्षे बसून राहिलो.

गेल्या हिवाळ्यात व्रणांतले विष अंगात भिनले आणि ते गेले. दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगल्यावर मी ओसरीवर बसून वैनींना सगळे सांगितले. व्हॉलीबॉल नव्हता, शिडी होती. पहिल्या वेळी मी काय लिहिले, दुसऱ्या वेळी काय बोललो. त्यांनी विचारले,

"ती पायरी मागनं कुणी नीट केली?"

"न्हाय, वैनी."

"मग आनि कोन पडलं तितनं?"

"मी हुतो तवर तिघं."

"त्यांचं काय लिव्हलासा, भावजी?"

त्या उठल्या. आता मला दार दाखवतील असे वाटले, आणि ते व्हावे असेही वाटले. पण त्या आत गेल्या आणि आतून हाक आली, "खाट भाईर काढायची हाय. एका अंगाला धरा."

आम्ही दोघांनी खाट उचलली. ती आता अगदी हलकी होती. मी पाठमोरा उंबरा ओलांडून ओसरीवर आलो आणि तसाच अंगणाकडे सरकू लागलो. वैनी माझ्याकडे पाहत नव्हत्या. खाली बघत त्या म्हणाल्या,

"जपून. मागं पायरी हाय."