मागच्या युनिटमधला विनोदवीर

मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात आमच्या घरामागच्या युनिटमध्ये एक आयरिश माणूस राहायला आला, तेव्हा पहिला लॉकडाऊन नुकताच लागला होता. वय पंचावन्नच्या आसपास, उंच, जरा पोक काढून चालणारा. तो स्टँडअप कॉमेडियन आहे हे मला तीन आठवडे कळलंच नाही, कारण त्या तीन आठवड्यांत तो एकदाही गमतीचं काही बोलला नव्हता.

माझी आई सहा महिन्यांसाठी नागपूरहून माझ्याकडे आली होती आणि अडकली होती. निवृत्त शिक्षिका, वय अडुसष्ट, डायबेटिस. मी सॉफ्टवेअर टेस्टर. डायनिंग टेबलावरच माझं ऑफिस चालायचं. घरात आम्ही दोघीच, आणि मी सतत घाबरलेली. रोज अकराच्या सुमाराला मीटिंग म्यूट करून मी आदल्या दिवसाचे करोनाचे आकडे ऐकायचे. दुधाची बाटलीसुद्धा साबणाने धुऊन फ्रिजमध्ये ठेवायचे. आईला मी कुंपणापलीकडे जाऊच देत नव्हते.

"अशानं मी त्या रोगाच्या आधी तुझ्याच धाकानं मरून जाईन," ती म्हणायची.

कुंपणापलीकडे जायची बंदी होती, पण कुंपणाशी उभं राहायची नव्हती. आई तिथे उभी राहून पलीकडच्या माणसाशी बोलायला लागली. तिचं इंग्रजी पाचवीच्या वर्गाला शिकवलेलं, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. "यू आर अलोन? हू कुक्स फॉर यू?" त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की टोस्ट आणि डब्यातले बीन्स. दुसऱ्या दिवसापासून कुंपणाच्या खांबावर स्टीलचा डबा जायला लागला. मी चिडले. आईने डबा ठेवून सहा पावलं मागे यायचं आणि मगच त्याने तो उचलायचा, असा नियम मी घालून दिला. दोघांनी तो पाळला.

अशी कुंपणावरून त्याची हकिकत कळत गेली. आयर्लंडच्या पश्चिमेकडचं छोटं गाव, नऊ भावंडांत सातवा. लहानपणी दम्याने इतका आजारी की शाळेपेक्षा अंथरुणातच जास्त. अंथरुणात पडून तो घरी येणाऱ्या प्रत्येकाची नक्कल करायला शिकला. मोठा झाल्यावर सिमेंटच्या कारखान्यात कारकुनी केली. सव्विसाव्या वर्षी मित्रांनी एका पबच्या माडीवर त्याला माइकपुढे ढकललं. पाठ केलेलं सगळं विसरला. शेवटी त्याने कारखान्यातल्या साहेबाचं खोकणं तेवढं करून दाखवलं आणि लोक हसले.

"तेव्हापासून तीस वर्षं मी प्रत्येक शोआधी उलटी करतो," तो म्हणाला. "स्टेजवर गेल्यापासून पहिलं हसू येईपर्यंत साधारण वीस सेकंद जातात. त्या वीस सेकंदांत मला खात्री असते की आता आपलं काही खरं नाही."

"मग करता कशाला?" आईने विचारलं.

"एकविसाव्या सेकंदासाठी," तो म्हणाला.

पुढे त्याला टीव्हीवर काम मिळालं. खेड्यातल्या गुरांच्या डॉक्टरची भूमिका, सहा वर्षं. तिकडे घराघरात ओळखत होते म्हणे. सुपरमार्केटमध्ये लोक अडवून आपल्या गाईची दुखणी सांगायचे. मग लेखकांनी त्या डॉक्टरला ट्रॅक्टरखाली घालून मारलं आणि हळूहळू फोन यायचे बंद झाले. पन्नाशीनंतर तो पुन्हा माइक घेऊन गावोगाव हिंडायला लागला. मेलबर्नला कॉमेडी फेस्टिव्हलसाठी आला होता. ते रद्द झालं. इथल्या एका मालिकेत छोटी भूमिका मिळणार होती, तिचं शूटिंगही थांबलं. परत जायला विमानं अधूनमधून होती, पण आपली फुप्फुसं घेऊन चोवीस तास विमानात बसायची त्याची हिंमत नव्हती. तो हे सहज सांगायचा, "मला भीती वाटते," इतकं सरळ. मला स्वतःला तसं सांगता येत नव्हतं. मी आईवर ओरडायचे.

ऑगस्टमध्ये दुसरी लाट आली. घरापासून पाच किलोमीटरची हद्द, संध्याकाळी आठनंतर संचारबंदी. एके दिवशी सकाळी त्याने आईच्या हाती एक चिठ्ठी दिली, म्हणजे खांबावर ठेवली. त्यावर आयर्लंडमधल्या बहिणीचा नंबर होता. "उगीच, असू दे," म्हणाला. मी ती फ्रिजवर चिकटवली आणि तिच्याकडे पाहायचं टाळलं.

त्यानंतर चारएक दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास, आई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "कालचा डबा तसाच आहे खांबावर. आजचाही घेतला नाही. काय करून राहिला तो माणूस?"

मी त्याला फोन लावला. पलीकडे त्याच्या घरात वाजलेला आम्हाला ऐकू आला. कोणी उचलला नाही.

मास्क लावून आम्ही दोघी ड्राइव्हवेने मागे गेलो. मागचं सरकतं दार थोडं उघडं होतं. मी ते ढकललं. तो सोफा आणि हीटर यांच्यामध्ये जमिनीवर पडला होता, कुशीवर. ओठ निळसर. डोळे उघडे होते आणि तो माझ्याकडे बघत होता. छातीतून करवतीसारखा आवाज येत होता. त्याने हात थोडा वर केला.

मी दारातच थांबले.

ट्रिपल झीरोला, म्हणजे इथल्या ॲम्ब्युलन्सच्या नंबरला, फोन लावला, पत्ता सांगितला, हे मला आठवतं. पलीकडच्या बाईने विचारलं, तो नीट श्वास घेतोय का, जवळ जाऊन बघा. मी "हो, हो" म्हणत राहिले आणि पाय हलले नाहीत. उंबऱ्यावरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीपाशी माझ्या चपलांची टोकं होती, ती मला अजून दिसतात. ती बाई पुन्हा म्हणाली, "तुम्ही त्याच्याजवळ आहात का?"

आईने मला खांद्याने बाजूला सारलं.

"आई, नको! तुला शुगर आहे, तू आत जाऊ नकोस!"

"सरक," ती म्हणाली. वर्गात म्हणायची तसं.

ती त्याच्या डोक्याशी बसली. मी फोनवरून ऐकून सांगत गेले तसं तिने त्याला बगलेत धरून उठवलं, सोफ्याला टेकवून बसवलं, खिडकी उघडली. त्याचा इनहेलर टेबलाखाली गेला होता, तो शोधून तोंडाशी धरला. "ब्रीद. स्लोली. व्हेरी गुड. अगेन." ॲम्ब्युलन्स यायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. मी दारातच होते. पांढऱ्या सूटमधली दोन माणसं माझ्या बाजूने आत गेली, तेव्हा त्यांच्यासाठी मी जरा सरकले, तेवढीच काय ती मी हलले.

घरी येऊन आईने अंगावरचे कपडे बादलीत टाकले, आंघोळ केली आणि नेहमीसारखी बुद्धमूर्तीपुढे वंदनेला बसली. मी फ्रिजवरची चिठ्ठी काढली. संध्याकाळी सहा वाजता, तिकडे सकाळचे नऊ, त्याच्या बहिणीला फोन केला. काय झालं ते सांगितलं. ती रडली नाही. एकच प्रश्न विचारला, "त्याच्याजवळ कोण होतं?"

"माझी आई," मी म्हणाले.

त्याला करोना झाल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. कुठून लागण झाली ते कधीच कळलं नाही. आम्हा दोघींना चौदा दिवस घरात राहायला सांगितलं. आई बेडरूममध्ये, मी बाहेर सोफ्यावर. तिचं ताट दाराशी ठेवून मी मागे यायचे. ऑक्सिमीटर दिवसातून आठ-दहा वेळा लावायला सांगायचे. दाराआडून ती आकडा सांगायची आणि मला तो खोटा वाटायचा. "दार उघड, मला दाखव." ती फटीतून बोट दाखवायची.

पाचव्या दिवशी तिला ताप आला. शंभर, मग एकशे एक. टेस्ट झाली. निकाल यायला दीड दिवस लागला. तो दीड दिवस मी बेडरूमच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसून काढला, लॅपटॉप मांडीवर. मॅनेजरने विचारलं, "यू ओके, मेट?" मी म्हणाले, "नो वरीज." आत आई खोकली की मी टाइप करायची थांबायचे. तिला काही झालं तर नागपूरला दादाला काय सांगायचं, ते मी मनात जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्यात मी दारातच उभी होते.

निकाल निगेटिव्ह आला. ताप साध्या सर्दीचा होता. अकराव्या दिवसाचाही निगेटिव्ह. मी दार उघडलं आणि आईच्या मांडीत डोकं घालून रडले. तिने विचारलं, "त्याचं कसं आहे?"

त्याचं चांगलं नव्हतं. नऊ दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. रोज सहा वाजता मी त्याच्या बहिणीशी बोलायचे. हॉस्पिटल तिला सगळं कळवत होतं, तरी तिला माझ्याशी बोलायचं असायचं. ती त्याच्या लहानपणाच्या गोष्टी सांगायची. तो अंथरुणात असताना त्याचा श्वास चालू आहे का, ते बघायला ही रोज रात्री उठायची. ती त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठी होती.

सप्टेंबरच्या शेवटी तो परत आला. वीसेक किलोनी वाळलेला, काठी घेऊन. आवाज गेला होता. नळीने घशाला काहीतरी झालं होतं. घोगरा, फाटका असा एक आवाज यायचा आणि दर चार शब्दांनी श्वास घ्यावा लागायचा. ज्याचं पोट आवाजावर, त्याच्या तोंडून तो आवाज ऐकताना मला त्याच्याकडे बघवेना.

एका आर्वोला, इथल्या भाषेत दुपारी, मी कुंपणाशी गेले आणि सांगून टाकलं. "मी आत आले नव्हते. मी दारातच थांबले होते."

"माहीत आहे," तो म्हणाला. "बघत होतो की. दुसरं काही बघायलाच नव्हतं."

मी जायला वळले.

"त्या मालिकेत," तो थांबत थांबत म्हणाला, "सहा वर्षं गुरांचा डॉक्टर होतो. मला गाईची भीती वाटते. भयंकर. जवळून दिसतात ते हात... माझे नाहीत. एक खरा डॉक्टर होता. तो माझा कोट घालून यायचा." श्वास घेतला. "मी तीन मीटरवर उभा राहून... काळजीचा चेहरा करायचो. त्याचं बक्षीस मिळालं मला."

मी हसले. मग लाज वाटली. तो मात्र माझ्याकडे बघत राहिला, काहीतरी मोजत असल्यासारखा. आजारपणानंतर त्याच्या बोलण्यावर कोणीतरी पहिल्यांदा हसलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

डिसेंबरमध्ये तो आयर्लंडला गेला. विमानतळावर मीच सोडलं. गाडीत तो दोनदा म्हणाला, "मला भीती वाटते." आई पुढच्या वर्षी जानेवारीत नागपूरला गेली, आणि एप्रिलमध्ये तिकडे करोनाच्या लाटेत जे सुरू झालं ते इथून फोनवर बघणं हे वेगळंच प्रकरण होतं. ती वाचली. गल्लीतली बरीच ओळखीची माणसं वाचली नाहीत.

आजारपणानंतरचा पहिला शो त्याने केला तो त्याच्या गावच्या हॉलमध्ये, निर्बंध उठल्यावर. बहिणीने मला लिंक पाठवली. तो स्टेजवर आला, स्टुलावर बसला आणि श्वास घेत राहिला. मी सेकंद मोजत होते. वीस झाले, तीस झाले. हॉलमध्ये कोणीतरी खाकरलं. चाळिसाव्या सेकंदाला तो त्या फाटक्या आवाजात म्हणाला, "घाई आहे का कोणाला?" आणि अख्खा हॉल हसला.

मी व्हिडिओ तिथेच थांबवला. पुढे कुठे त्याचा श्वास अडकला तर, या भीतीने पुढचं बघायला मला दोन दिवस लागले.