सभा सुटल्यानंतरचे मामा

नव्या यंत्रातंत्राबद्दल जनतेला मनातून काय वाटतं, हे जाणणारा एकच माणूस अख्ख्या नागपुरात होऊन गेला, आणि ते म्हणजे माझे मामेसासरे. शहरातल्या सदर भागातल्या सरकारी कचेरीत त्यांचं कामच ते होतं. गोबरगॅस, सुधारित नांगर असलं काही गावात आणायचं ठरलं की सभा व्हायची, आणि लोकांनी तीत किती मनापासून भाग घेतला याचा अहवाल मामा लिहायचे. मी तिथेच टायपिस्ट, त्यांनीच चिकटवलेला. मामा सभेत मात्र बसत नसत. हारतुरे सुरू झाले की ते एसटीच्या थांब्यावर. "जावई, सभेत मानूस मान हलवते. तोंड त्याचं यष्टीत उघडते," असं म्हणून ते परतणाऱ्या लोकांच्या गावाचंच तिकीट काढत आणि झोपेचं सोंग घेऊन ऐकत. एकदा असेच भलतीकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी संत्र्यांच्या ट्रकमधून नागपूरच्या वेशीवर वाडीला उतरले. मामी म्हणाल्या, "लोकायचं मत आनलं, सांबाराची जुडी कुठी हाय?" सांगितलेली कोथिंबीर राहूनच गेली होती.

गोबरगॅसच्या सभेत झाडून सगळ्यांनी हात वर केले. मामांनी लिहिलं, "हात सर्वांचे. पैकी निम्मे पुरीभाजीच्या वासाने." मी ते तसंच टाइप केलं, आणि साहेबांनी आम्हा दोघांना उभं करून झापलं.

पुढे साहेबांचा जीव निर्धूर चुलीत अडकला. सभेत बायकांनी टाळ्या वाजवल्या. एसटीत मामांच्या मागच्या बाकावर मात्र वेगळंच चाललं होतं.

"काय वं, आपलं पोळ्या शेकाचं उपडं मडकं त्या चुलीवर बसन का?"

"कायचं बसते! लांब पोळ्या का डोक्श्यावर शेकाव्या?"

"मंग सांगतलं काहून नाही?"

"बिचारा साहेब इतका बोलून राहिला होता वं!"

मामांनी हे शब्दशः लिहिलं, आणि चुलीचं तोंड मोठं केल्याशिवाय ती गावोगाव बसवू नये, असंही. साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. ते पान अहवालात दिसलं तर मामांची बदली थेट गडचिरोलीच्या जंगलात. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, मामींचा दमा वाढलेला. मी ते पान टाइप केलंच नाही. मामांनी न वाचताच सही ठोकली. "तुमी टाइप केलं ना? मंग पाहाचं काय!"

मामा नागपुरातच सुखरूप निवृत्त झाले. पुढे एका लग्नाला आम्ही चुलीची सभा झालेल्या त्याच गावी गेलो, तर घरोघरी नव्या चुलींत कोंबड्या अंड्यांवर बसलेल्या, आणि शेजारी तीन दगडांवर उपडं मडकं तापत होतं. धुरात डोळे पुसत मामा माझ्याकडे वळले.

"इतकं साधं लिहिलं होतं जावई. त्याइले समजलं नसन? माझंच लिहिनं कच्चं."

मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन त्यांनी सगळं पुन्हा लिहून काढलं आणि माझ्याकडे दिलं. या खेपेला मी कानामात्राही गाळला नाही. मामांनी सही केली, मी स्वतः वरच्या कचेरीच्या पत्त्यावर टपालात टाकलं. उत्तर यायच्या आत मामा गेले, आणि पहिलं पान कुठे गेलं हे त्यांना सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं.