एसा व्हिटकमची लाल कणसं

एसा व्हिटकम बोलायचाच नाही असं नाही. बैलांशी बोलायचा. इतकं बोलायचा की शेजारी मी पिंपं घडवत बसलो असताना मला वाटायचं, याच्याकडे पाहुणे आलेत. माणूस समोर आला की मात्र त्याची गाडी हवामानापाशी थांबायची. 'गारठा आहे' एवढं बोलून झालं की भाषण संपलं. आणि समोर बाईमाणूस असलं तर तो गारठाही घशातच गोठायचा.

घरातलं बोलण्याचं खातं थोरल्या बहिणीकडे होतं. तिचं नाव सबमिट. आमच्या बर्चफील्डमध्ये जुन्या लोकांना मुलींची नावं गुणांवरून ठेवायची हौस. सबमिट म्हणजे शरण जा. बाई साठीला आली तरी कुणाला शरण गेल्याचं गावाला आठवत नव्हतं. बेचाळीस वर्षांच्या भावाला ती अजून मोजे घातलेस का म्हणून विचारायची, आणि तो पाय उचलून दाखवायचा.

तर अशा या एसाचं मन तीन घरं पलीकडच्या लव्हिना टटलवर बसलं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ताडाच्या पानांच्या टोप्या विणून ती आपलं भागवायची. हसायची ती अख्ख्या अंगानं. आपलं गुपित कुणाला ठाऊक नाही असं एसाला वाटायचं, पण ते अख्ख्या गावाला माहीत होतं, कारण तिच्या कुंपणापाशी आले की त्याचे बैल आपोआप सावकाश चालत.

अशा मुक्या माणसांसाठीच आमच्याकडे मका सोलायची रीत आहे. सुगी झाली की ज्याचं शेत त्यानं गावाला कोठारात बोलवायचं, सगळ्यांनी ढिगाभोवती बसून कणसं सोलायची, यजमानानं काकवीत शिजवलेले घेवडे आणि डोनट खाऊ घालायचे. पिवळ्या कणसांत एखादंच लाल निघतं. ज्याच्या हाती ते लागेल त्यानं कोठारातल्या हव्या त्या माणसाचा मुका घ्यायचा, आणि कुणी रागवायचं नाही. आमचे डीकन क्रॉसबी, म्हणजे चर्चचे कारभारी, चर्चमध्ये कुणी शिंकलं तरी मागे वळून बघतात. पण लाल कणीस निघालं की तेसुद्धा छताची तुळई न्याहाळू लागतात.

त्या वसंतात लव्हिनाला ओहायोहून भावाचं पत्र आलं: बायको गेली, पोरं लहान आहेत, घर सांभाळायला ये. उन्हाळ्याच्या टोप्या पुऱ्या करून सुगीनंतर निघते, असं तिनं कळवलं. ओहायोला गेलेलं माणूस आमच्याकडे परत येत नाही. पत्र तेवढं येतं.

एसा त्याच दिवशी माझ्याकडे आला, एका धड पिंपाचं कडं ठोकून घ्यायला. त्या कड्याशी चाळा करत त्यानं जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातला हातोडा पायावर पडायचा राहिला. सात वर्षं दर सोलणीला त्याला लाल कणीस सापडत होतं, एखाद्या वर्षी दोनदोन. दर वेळी त्यानं ते सदऱ्यात कोंबून घरी आणलं होतं. धुराड्यापाशी त्यांची टोपली भरली होती.

"अरे, मग वर काढलंस का नाही?"

"सगळे बघत होते."

आता त्यानं बेत केला होता. लालच्या पोटी लाल येतं म्हणतात. टोपलीतल्या एका कणसाचे दाणे कुंपणाकडच्या एकाच ओळीत पेरायचे, आणि सोलणीला त्या ओळीची कणसं आपल्या कोपऱ्यात ठेवायची. पाच-सहा लाल हाताशी असली तर एक तरी वर काढायचं धाडस होईल. मी म्हटलं, बोलून मोकळा का होत नाहीस? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला उडायला सांगितलं होतं.

ओकची पानं खारीच्या कानाएवढी झाली की मका पेरायचा, हे आमचं पंचांग. पानं बरोब्बर कानाएवढी झाली आणि त्याच सकाळी एका बैलानं एसाच्या पायावर पाय दिला. इतक्या वर्षांच्या गप्पांचं हे फळ. तो अंथरुणात पडला आणि पेरणी सबमिटनं हाती घेतली. संध्याकाळी त्यानं धीर करून विचारलं, "धुराड्याजवळची टोपली?"

"पेरली," सबमिट म्हणाली.

दुसऱ्या कुणी पुढचे दोन प्रश्न विचारले असते. एसानं निःश्वास सोडला आणि झोपला. एवढी जपून ठेवलेली टोपली म्हणजे सगळ्यात उत्तम बियाणं, असं समजून सबमिटनं त्यातले सगळे दाणे काढून पिंपातल्या बियाण्यात मिसळले आणि शेतभर पेरले होते. तिला कोण दोष देणार? आणि कणीस तर पानात गुंडाळलेलं. उन्हाळाभर कुणाला पत्ता नाही.

सोलणीच्या दुपारी कोठार भरलं. लव्हिनाही आली, चार दिवसांनी तिची गाडी निघायची होती. पहिलं लाल कणीस लोहाराच्या मुलीला सापडलं, मोठा आरडाओरडा झाला. तो विरायच्या आत दुसरं निघालं. मग तिसरं, चौथं, आणि मग मोजदादच संपली. गिरणीवाल्यानं स्वतःच्या बायकोचा मुका घेतला. तीन महिने त्यांचा अबोला होता. माझी ऐंशी वर्षांची सासू लाल कणीस उंच धरून शाळामास्तरांकडे निघाली आणि मास्तर गंजीवर चढले. मका सोलणारं कुणी उरलं नाही. एसा कोपऱ्यात मांडीवर लाल कणीस घेऊन पांढराफटक बसला होता. सात वर्षं जपलेली चीज आज कोठारात पायाखाली लोळत होती.

शेवटी डीकन क्रॉसबी बाकावर उभे राहिले. तुळई तरी किती वेळ बघणार? "पुरे! आजच्या दिवस लाल कणीस म्हणजे साधं कणीस. त्याला काही अर्थ नाही. आणि हे बियाणं आलं कुठून?"

"आमच्या एसाच्या टोपलीतून," सबमिट ताठ मानेनं म्हणाली. "सात वर्षं साठवलंय त्यानं. वाईट आहे का?"

सगळं कोठार एसाकडे वळलं. कुणाकुणाच्या डोक्यात हळूहळू हिशेब उतरला, आणि एकेकाचं तोंड उघडं राहू लागलं. एसा उठला. मला वाटलं, दाराकडे जाणार. तो लव्हिनासमोर जाऊन उभा राहिला. कान त्या कणसाहून लाल झाले होते.

"गारठा आहे," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. त्यानं एक मोठा श्वास घेतला, बैलांना हाक देताना घेतो तसा. "ती सगळी तुमच्यासाठी होती, टटलबाई. दर सोलणीला सदऱ्यात लपवून घरी नेली. आता डीकन म्हणतात, त्याला काही अर्थ नाही."

लव्हिनानं विचारलं, "सात वर्षं सदऱ्यात घालून नेलीत?"

"हो."

"टोचत नव्हती?"

"टोचत होती."

मग तिनं आपल्या ढिगातलं एक कणीस उचललं, स्वच्छ पिवळं, आणि बाकाकडे वळली. "डीकन, आज लाल ते साधं, तर मग पिवळं ते खास, नाही का?"

डीकन क्रॉसबींनी पुन्हा तुळईकडे पाहिलं. लव्हिनानं एसाचा मुका घेतला, चांगला सावकाश, सगळे बघत असताना.

त्याच रात्री तिनं ओहायोला पत्र लिहिलं, की मी येत नाही. पण आपल्या थोरल्या चुलतबहिणीला पाठवते, तिला पोरांची हौस आहे.

दुसऱ्या दिवशी उरलेला ढीग सोलायला हात लावावा म्हणून मी गेलो. सबमिट कोठाराच्या दारात खुर्ची टाकून मोजे विणत बसली होती. आत ते दोघं सोलताहेत, मदत नको, असं म्हणाली.

"किती झालं?" मी विचारलं.

"सकाळपासून?" ती म्हणाली. "एक कणीस."