इस्त्री केलेले डाग

गल्लीत तिला सगळे डागमावशी म्हणत. हे नाव आपल्याला आवडत नाही असं ती सांगायची, पण कुणी नुसतं ‘मावशी’ म्हणून हाक मारली तर वळूनही बघायची नाही. चहा, शाई, वंगण, लिपस्टिक, काहीही आणा. कुणाच्या कॉलरला कुठला रंग लागून आलाय हे गल्लीत सर्वांत आधी तिला कळे, आणि तिच्यानंतर कुणालाच कळत नसे, कारण संध्याकाळपर्यंत तो रंग गेलेला असे. कित्येक संसार तिच्या साबणावर टिकून होते.

लॉन्ड्री म्हणजे एकाला एक लागून दोन खोल्या. मागच्या खोलीत मावशी धुणार, पुढच्या खोलीत काका इस्त्री करणार. काका म्हणजे तिचा नवरा. मावशीचा नवरा म्हणून गल्लीचा काका. इस्त्री बसून होत नाही. “लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यातली पंचवीस हे उभेच आहेत,” असं ती गिऱ्हाइकांना सांगे. “उरलेलं एक वर्ष झोपेत गेलं,” असं काका आतून म्हणत.

तर हे उभे राहणारे काका एका मंगळवारी शेजारच्या गावी इस्त्रीची कॉइल आणायला गेले. परतीची गाडी नुकतीच हलली होती. काकांनी पायरीवर पाय ठेवला, दाराच्या दांड्याला उजवं कोपर अडकवलं आणि दांडा उपटून हातात आला. फलाट आणि गाडी यांच्यामधल्या फटीत डावा पाय गेला. ज्यांनी हे पाहिलं, ते सगळे त्याच गाडीनं पुढे गेले.

पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

हॉस्पिटलनं मावशीच्या हातात एक पिशवी दिली. त्यात पाकीट, पाकिटात तिकीट, एक शर्ट आणि कात्रीनं कापलेली पँट. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीपुरती घरी आली. आंघोळ झाली, हात रिकामे झाले. हात रिकामे झाले की रडू येतं हे तिला ठाऊक होतं, आणि रडायला अजून सवड नव्हती. तिनं पिशवी उघडली.

रक्त गार पाण्यात, मीठ घालून. वंगणाला रॉकेल. रंगाला टर्पेंटाइन. गंजाला लिंबू. अकरा वाजेपर्यंत सगळं निघालं. पँटच्या कापलेल्या पायाचे दोरे सुटत होते, तिथं तिनं छान कड शिवली. मग काकांच्या टेबलावर काकांची इस्त्री घेऊन तिनं दोन्ही कपडे घडी घालून ठेवले. सव्वीस वर्षांत त्या घरात कुणाचाही डाग रात्रभर राहिलेला नव्हता. हा तर घरच्या माणसाचा.

चौथ्या दिवशी रेल्वेचा एक माणूस वॉर्डात आला. हसतमुख, हातात छापील कागद. “काका, इथं फक्त एक सही. औपचारिकता.” काका औषधाच्या गुंगीत होते. त्यांना साहेबाच्या टायची गाठ आवडली, त्यांनी सहीसाठी हात पुढे केला. पण साहेबाचं पेन गळत होतं. पांढऱ्या चादरीवर निळा थेंब पडायला आणि मावशीनं पेन हिसकावून घ्यायला एकच गाठ पडली. “अहो साहेब, चादर कुणाची आहे? धुणार कोण?” नर्स धावत आली, गोंधळ झाला, साहेब उद्या येतो म्हणून गेले आणि कागद उशाशी राहिला. तो वाचला नर्सनं.

“मावशी, यात लिहिलंय की काका रूळ ओलांडत होते. गाडीतून पडले असं नाहीच.”

“ओलांडत होते? अहो, हे गल्लीसुद्धा मला विचारून ओलांडतात!”

“सही करू देऊ नका. कोर्टाच्या आवारात फुकट वकिलाची खोली आहे, तिथं जा. आजच.”

वकीलबाई तिशीच्या होत्या. टेबलावर फायलींचा ढीग, ढिगावर डबा, डब्यावर चष्मा. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकेक बोट दुमडत सांगायला सुरुवात केली. कुठल्याही कागदावर सही नाही. हॉस्पिटलच्या प्रत्येक कागदाची प्रत. स्टेशनवर पहिली नोंद काय केली तिची प्रत, त्यासाठी अर्ज आत्ताच लिहू. गाडीच्या डब्याचा नंबर. तिकीट आहे? छान, पण तिकीट काढूनही माणूस रूळ ओलांडतो म्हणतील. “त्यांचा कागद खरा ठरला तर चूक काकांची. मग रेल्वेकडून काही नाही.”

“पाय?”

“हॉस्पिटल एक पाय देतं फुकट. पलंगापासून मोरीपर्यंत जाता येतं त्यावर.”

“दिवसाचे दहा तास उभं राहता येतं?”

“नाही. तसा पाय हवा असेल तर खटला जिंकायला हवा.” बाईंनी शेवटचं बोट दुमडलं. “आणि सगळ्यांत महत्त्वाचं, अंगावरचे कपडे. जसे होते तसे, कागदात गुंडाळून. पाणीसुद्धा लावायचं नाही. दांडा उपटला असेल तर कपडेच बोलतील. आहेत ना?”

मावशीनं कोरडेच हात पदराला पुसले. “आहेत,” ती म्हणाली. “घरी आहेत.” तोंडातून गेलं ते गेलं.

घरी येऊन तिनं शटर अर्धं ओढलं आणि भर दुपारी आयुष्यात कधी न केलेलं काम करायला बसली. शेजारच्या सुताराकडून हिरव्या रंगाचा डबा मागून आणला. खिडकीच्या गजाचा गंज खरवडला. शिलाई मशीनचं वंगण घेतलं. कुठला डाग कुठे होता, किती पसरला होता, कडा कशा होत्या, हे तिला पाठ होतं. उजव्या बाहीवर तिनं तो इतका हुबेहूब उमटवला की तिलाच क्षणभर बरं वाटलं. मग बरं वाटल्याचीच भीती वाटली. रक्ताचं मात्र जमेना. सुई बोटात टोचली, दोन थेंब आले. सव्वीस वर्षांच्या संसारातून एवढंच निघालं, असं वाटून ती तिथंच पँटमध्ये तोंड खुपसून बसली.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी कागद उलगडला. पँटवरून एक बोट फिरवलं.

“मावशी.”

“हं?”

“गाडीखाली गेलेल्या माणसाच्या पँटला इस्त्रीची घडी?”

मावशीनं पाहिलं. घडी होती. सुरीसारखी. डाग वाळवायला म्हणून तिनं इस्त्री फिरवली होती, आणि हात एकदा फिरला की घडी घालूनच थांबतो. शिवलेली कडही तशीच होती. शर्टाला सुताराच्या दुकानाचा ताजा वास येत होता.

“धुतले ना?”

“धुतले.” आता मात्र सवड झाली. ती रडली, फायलींच्या ढिगाशेजारी, पदर तोंडात कोंबून. “माझ्याच हातानं धुतलं हो बाई. दुसऱ्या कुणी धुतलं असतं तर निदान अर्धं राहिलं असतं!”

वकीलबाई चिडल्या, अगदी मनापासून चिडल्या. “हे कोर्टात दिलं असतं ना, तर पाय राहिला बाजूला, तुम्हीच आत गेला असता. आणि तुमच्याबरोबर काकांचं खरंही खोटं झालं असतं!” त्यांनी कपड्यांचा बोळा करून तिच्याकडे ढकलला. पाणी प्यायल्या. मग पेन उघडलं. “धुण्याआधी काय होतं ते आठवतंय?”

“आठवतंय म्हणजे? डोळ्यांसमोरून जात नाही.”

“सांगा. खरं ते सगळं. आणि धुतलं तेही सांगायचं. तेच आधी.”

कोर्टाची तारीख सात महिन्यांनी आली. तोवर पुढच्या खोलीतली इस्त्री मावशीच करत होती आणि काका खुर्चीत बसून बटणं लावत होते, जास्तीत जास्त तीन तास, मग मांडीतून कळ यायची. स्टेशनची नोंद मिळाली, तीत ‘रूळ ओलांडताना’च होतं. डब्याच्या दुरुस्तीचा कागद मागितला, उत्तर आलं की उपलब्ध नाही. साक्षीदार एकही सापडला नाही. काकांचा जबाब एकटा पुरणार नव्हता. राहिली ती मावशी.

रेल्वेचा वकील वयस्क होता आणि फार गोड बोलायचा. “म्हणजे ताई, पुरावा तुम्ही स्वतः धुऊन टाकलात?”

“हो.”

“आणि आता म्हणता की त्यावर डाग होते.”

“होते म्हणून तर धुतलं. स्वच्छ कपडे मी कशाला धुईन?”

मागे कुणीतरी हसलं. वकीलही हसला. “बरं. शर्ट आज प्रयोगशाळेत पाठवला तर थोडंफार काही सापडेल?”

काका कुबड्यांवर पुढे वाकले. ‘सापडेल’ म्हण, असं त्यांचं सगळं तोंड म्हणत होतं. निदान ‘बघा बाई’ तरी. खटला आणखी चार महिने जिवंत राहिला असता. मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

“नाही. मधे मी त्यावर खोटे डाग पाडले होते, तेही काढले. माझ्या हातून गेलेल्या कपड्यात काही सापडत नाही.”

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. रेल्वेचा वकील खाली बसायला लागला, एवढ्यात न्यायाधीशांनी मान वर केली. “धुण्यापूर्वी काय होतं? नीट सांगा.”

“उजव्या बाहीवर, कोपराच्या आतल्या बाजूला. वर हिरवा रंग, पापुद्र्यासारखा. त्याच्याखाली पिवळट, तो जुना असणार, कारण टर्पेंटाइनला दाद देत नव्हता. आणि सगळ्यांत आत गंज. ओला गंज, साहेब. चिखलासारखा.”

“गंज कुठेही लागतो,” वकील बसल्या बसल्या म्हणाला.

“कोरडा लागतो. दांड्यावर वरून रंग असतो, वरून हात लावला तर रंगच लागणार. ओला गंज असतो तो आत, दांडा भिंतीत शिरतो तिथं. रंगवायला तिथं कुंचला जात नाही, पाणी मात्र जातं. तो बाहेर आल्याशिवाय बाहीला कसा लागेल?” ती थांबली. “आमच्या खिडकीचा गज उपटला होता तेव्हा यांच्या सदऱ्याला असाच लागला होता. मीच काढला होता.”

न्यायाधीशांचं पेन थांबलं होतं. मग ते पुन्हा चालू लागलं, बराच वेळ चाललं. शेवटी त्यांनी सांगितलं की तो दांडा, नाहीतर तो डबा जिथं असेल तिथं तपासायचा; पुढच्या तारखेला रेल्वेनं तपासणीचा अहवाल हजर करायचा. पुढची तारीख दोन महिन्यांनी.

बाहेरच्या पायऱ्या अकरा होत्या. काका पाचवीवर थांबले. घाम आला होता. जबाबावर सही करताना त्यांच्या बाहीला शाई लागली होती. मावशीची नजर तिथं गेली, हात पदराकडे गेला आणि परत आला. हल्ली ती वकीलबाईंना विचारल्याशिवाय काकांचं काही धूत नसे.

“खोट्या डागांचं कशाला सांगितलंस?” काका म्हणाले. “कुणी विचारलं होतं?”

“वकीलबाईंनी सांगितलेलं, खरं ते सगळं.”

“दोन महिने.” त्यांनी कुबडी खालच्या पायरीवर टेकवून पाहिली, ती डगमगली. “तोवर ते दांडा रंगवून ठेवतील बघ. नवा कोरा.”

मावशी दोन पायऱ्या खाली उतरली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

“रंगवू देत,” ती म्हणाली. “रंग काढायला मी आहे. तुम्ही आधी हा पाय टाका.”