सूर्यभानाचा डावा गाल

बोरखेडीच्या पुंजाराम न्हाव्याने आयुष्यात किती दाढ्या केल्या, याची मोजदाद गावाने ठेवली नाही आणि त्यानेही ठेवली नाही. त्यांतली एक दाढी मात्र साऱ्या शेवगाव तालुक्याला ठाऊक होती. कारण ती अर्धीच झाली होती. उजवा गाल उतरला होता, डावा भिजवून तयार होता, आणि त्या भिजवलेल्या गालासकट दाढीचा मालक सूर्यभान आपल्या बायकोबरोबर नाहीसा झाला होता.

पुंजाराम ठेंगणा, रुंद पंजाचा आणि बोलण्यापेक्षा ऐकण्यात रमणारा माणूस होता. असा न्हावी दुर्मीळ, असे लोक म्हणत. बलुत्याच्या रिवाजाने गावातले प्रत्येक डोके त्याचे होते. बाहेरच्या न्हाव्याने बोरखेडीत वस्तरा उघडायचा नाही आणि पुंजारामने कुणाचे डोके नाकारायचे नाही, असा तो वाडवडिलांपासूनचा करार होता. हाती घेतलेले काम अर्धे सोडायचे नाही, हे कलम त्याने स्वतःचे जोडले होते. गावात एकदा कडब्याची गंज पेटली तेव्हा सारे लोक घागरी घेऊन धावले. पुंजारामने आधी समोरचे डोके पुरे केले आणि मगच घागर उचलली. गंज त्या डोक्याच्याच मालकाची होती, ही गोष्ट त्याच्या लेखी गौण होती.

सूर्यभानाची वस्ती गावापासून लांब, त्याच्या मळ्यात होती. मूलबाळ नव्हते. तो आणि राहीबाई, एक बैलजोडी, एक आळशी कुत्रा आणि चहूकडे ज्वारी, एवढाच तो संसार. पुंजाराम आठवड्याने तिथे जाई. दाढी लवकर होई. वेळ लागे तो मिशीला. गाल झाले की सूर्यभान आरसा घेई, मिशी एकदा डाव्या बाजूने आणि एकदा उजव्या बाजूने न्याहाळी, राहीबाईचे मत विचारी, ते मानत नसे आणि मगच हुकूम देई. त्या हुकुमावाचून पुंजारामने तिथे कधी वस्तरा टेकवला नव्हता.

सन एक्केचाळीसच्या पौषातली ती सकाळ होती. ज्वारी पुरुषभर उंचीची झाली होती. ओसरीवर दोघे उकिडवे समोरासमोर बसले होते.

"पुंजा, पानी कोमट हाय न्हवं? मागल्या खेपेला गाल गारठून गेल्ता."

"गाल गारठतो आबा, पर तुमची जीब काय गारठत न्हाई."

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या राहीबाईने आतून सूर लावला, "त्येंची जीब गारठवाया एक पूस म्हैना पुरायचा न्हाई, पुंजाभावजी! दोन आनावं लागत्याल."

"बग, बग," सूर्यभान म्हणाला, "माज्याच घरात माज्या जिभंचा पंचनामा."

उजवा गाल झाला. पुंजारामने डावा भिजवला. एवढ्यात आतून पुन्हा राहीबाईची हाक आली, "अवं, जरा हिकडं या. ह्ये बगा तरी काय हाय!"

त्या हाकेत भीती नव्हती. हसू होते. पुढे फौजदारासमोर, गावासमोर आणि देवासमोरही पुंजाराम हेच शपथेवर सांगत राहिला.

सूर्यभान गुडघ्यावर हात टेकून उठला. "आलोच. तवर धार लाव. डावा गाल माजा लई नाजूक हाय."

पुंजारामने धार लावली. आधी दगडावर, मग तळहातावर. वारा कापता येईल इतका वस्तरा तयार झाला, तरी गाल परत आला नाही. आतून बोलणे येत नव्हते. भाकरी करपल्याचा वास मात्र आला. "वैनी, भाकर लागली!" असे त्याने दोनदा सांगून पाहिले आणि शेवटी खाकरून आत गेला. चूल पेटलेली होती. तव्यावर भाकरी होती. मागचे दार सताड उघडे होते, आणि दारापलीकडे ज्वारी अशी निश्चल उभी होती, की तिच्यातून कधी कुणी गेलेच नसावे. सूर्यभानाच्या वहाणा ओसरीखाली तशाच होत्या. कुत्रा झोपला होता.

पुंजारामने प्रथम जे केले, ते कोणत्याही शहाण्या माणसाने केले असते: त्याने भाकरी उलटली. त्याला पुढे महाग पडली ती हीच गोष्ट.

"भाकरी कुणी उलटली?" शेवगावहून आलेल्या फौजदाराने पहिलाच प्रश्न टाकला. करपलेल्या भाकरीची हकीकत ऐकून आणि राख, दार, ज्वारी, सारे तपासून तो रिकाम्या तव्यापाशी थबकला होता.

"म्याच, सायेब. जळाया लागल्ती."

"आणि ती आता आहे कुठे?"

पुंजाराम पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. "खाल्ली, सायेब."

"पुरावा खाल्लास?"

"उलटली तर टम्म फुगली, सायेब. वाट बगून बगून दुपार झाली. फुगलेली भाकर कोन टाकतं व्हय?"

दोन माणसे गेली, हाती धारदार वस्तरा असलेला एक माणूस उरला, आणि तो वर त्यांची भाकरीही खाऊन बसला. फौजदाराला यातून काय दिसले असेल, हे सांगायला नको. परंतु रक्ताचा थेंब सापडला नाही. विहीर उपसली, तिच्यात एक जुनी घागर निघाली. ज्वारी आडवी केली, ससे निघाले. अखेरीस फौजदाराने चहूकडे वर्णन धाडले: उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर दाढीचे खुंट. पुंजारामने त्यातही दुरुस्ती सुचवली. "सायेब, दाढी तर दोनीकडं वाढनार. पर डावी बाजू कायम आठ दिसांनी म्होरं ऱ्हानार, येवडं लिवा."

फौजदाराने ते लिहिले नाही. उत्तरेला गोदावरी होती, आणि गोदावरीपलीकडे निजामाची हद्द. माणसे हद्दीपार गेली असावीत, असा शेरा मारून तो घोड्यावर बसला. ज्या गोष्टीचा उलगडा होत नाही ती नदीपलीकडे लोटता येणे, ही त्या काळी सरकारी खात्यांची मोठीच सोय होती.

गावाने आपल्या परीने उलगडे केले. कुणी म्हणे, राहीबाईला चुलीमागे हंडा सापडला; कुणी म्हणे, नाथपंथी गोसाव्याने दोघांना नेले. कुणी बेचाळीसच्या धामधुमीत दोघांना भूमिगत करून टाकले, वास्तविक ती धामधूम त्यांच्या जाण्यानंतरची होती. चावडीवरच्या टवाळांचा उलगडा सर्वांत सोपा होता: "पुंजाचा वस्तरा बगून मानूस पळाला. बायकूबी संगं न्हेली, उगं तिला विदवा कशाला करा!"

पुंजाराम हसे, पण त्याला ते लागे. लागे ते थट्टेमुळे नव्हे. सूर्यभान 'आलोच' म्हणून गेला होता, आणि सूर्यभान वायफळ बोलणारा असला तरी शब्द मोडणारा नव्हता. म्हणून पुंजाराम जत्रांना जाऊ लागला. एरवी लोक जत्रेत देव पाहतात, बैल पाहतात, तमाशा पाहतात. हा गाल पाही. उजवा आणि मग डावा. मढीच्या जत्रेत, गाढवांच्या बाजाराच्या अंगाला, एकदा त्याला गर्दीत एक माणूस पाठमोरा दिसला. तो डावीकडे वळला तेव्हा गालावर दाट दाढी होती; उजवीकडे वळला तेव्हा गाल लोण्यासारखा. पुंजाराम दोन गाढवे आणि एक रेवडीवाला ओलांडून धावला आणि त्याने त्याची हनुवटी धरली.

"आबा! कुटं हुता वं?"

माणूस पुरता वळला. उजव्या अंगाला लुगडे, नाकात नथ, डोळ्यात काजळ. डाव्या अंगाला जटा, दाढी आणि भस्म. बाजूंची अदलाबदल करून अर्धनारीनटेश्वराचे सोंग घेतलेला तो बहुरूपी होता.

"सोड, बाबा," तो म्हणाला. "अर्ध्या बाजूनं बाई हाय मी. लोक काय म्हनतील?"

पुंजारामची बायको गोजरबाई ही हकीकत पुढे कैक वर्षे सांगत असे. शेवटी मात्र तिचा आवाज थोडा खाली येई. "हसू नका गं. त्या दिशी घरी येऊन जेवलं न्हाईत ते."

अठ्ठेचाळीस साली निजामाची हद्द पुसली गेली. गोदावरी पुन्हा नुसती नदी झाली. पुंजारामला वाटले, आता वाट मोकळी झाली, आता येतील. आले नाहीत. आला तो सूर्यभानाचा पुतण्या गहिनीनाथ. मळा तोच कसत होता, आणि चुलत्याच्या ओसरीखालच्या वहाणा त्याने सात वर्षांत हलवल्या नव्हत्या. त्याच्या मुलीचे, ठकूचे, लग्न ठरत आले होते. मुलाकडची माणसे मात्र अडून बसली होती: घरातली दोन माणसे धड जिती नाहीत, धड मेली नाहीत, त्यांचे क्रियाकर्म करा, मग अक्षता टाकू. गावजोशाने मार्ग काढला होता. पळसाच्या पानांचे दोन पुतळे, डोक्याच्या जागी नारळ. त्यांना अग्नी द्यायचा आणि गहिनीनाथाने डोके व दाढी उतरवायची.

"तेवडी हजामत करायची हाय, पुंजाबा," तो म्हणाला.

पुंजारामने वस्तऱ्याची धोकटी मांडीखाली घेतली. "न्हाई जमायचं."

"का पन?"

"एका घरात दोन हजामती कशा चालू करू? तुमच्या चुलत्याची अदुगर अर्दी हाय. ते आलोच म्हनून गेल्यात."

गहिनीनाथ रागावून शेवगावला गेला. तिथल्या न्हाव्याने बोरखेडीचे नाव ऐकताच वस्तरा मिटला. "त्ये पुंजारामचं गाव. तिथं आमी हात लावीत न्हाई." अशा रीतीने एका अर्ध्या दाढीने दोन माणसांचे मरण, एकीचे लग्न आणि एका पंचक्रोशीतली कात्री-वस्तऱ्याची व्यवस्था अडवून धरली.

कोंडी फोडली ती गोजरबाईने. नवऱ्यापुढे ताट ठेवून ती समोर बसली. "ठकूचं जावळ कुनी काडलं?"

"म्या."

"कुनाच्या मांडीवर बसवून?"

ठकूला राहीबाईने मांडीवर घेतले होते. पोर रडली तेव्हा तिला हसवायला सूर्यभानाने स्वतःची मिशी नाकावर चढवून दाखवली होती.

"मंग? एका गालापायी त्या पोरीचा गळा मोकळा ठिवनार तुमी? तिकडं राही बगत आसंल तर काय म्हनंल?"

"मेलीय असं म्हनती का तू?"

"म्या काय बी म्हनत न्हाई. येवडंच म्हनती, ती अर्दी दाढी अशी लोंबत ठिवू नका. ती पुरी करा, नायतर सोडा. जेवा आता."

पुंजाराम बराच वेळ भाकरीकडे पाहत राहिला. ती फुगलेली होती. दुसऱ्या दिवशी त्याने गहिनीनाथाला होकार कळवला, पण एका अटीवर. आणि ती अट ऐकून गावजोशाचे पागोटे हलले.

"सोललेला नारळ चालायचा न्हाई," पुंजाराम म्हणाला. "उजवं अंग सोलल्यालं आन् डाव्या अंगाला काथ्या तसाच पायजे. म्या आनतो."

"शास्त्रात असे नाही रे."

"शास्त्रात न्हाव्याबिगर हजामत हाय का, म्हाराज?"

जोशी विचारात पडला. मस्तकाच्या जागी नारळ असावा असे पोथी सांगत होती; त्या मस्तकाची दाढी कुठवर वाढलेली असावी, याविषयी ती मौन बाळगून होती. "बरं, आण," तो म्हणाला.

ओढ्याकाठी सकाळी सारे जमले. दोन पुतळे शेजारी शेजारी निजवले होते. राहीबाईच्या नारळाला कुंकू होते. पुंजारामने सूर्यभानाचा नारळ उचलून मांडीवर घेतला आणि गहिनीनाथाला सांगितले, "पानी कोमट आना. आबांस्नी गार चालत न्हाई." टवाळांपैकी एक फिस्सकन हसला. पण पुंजारामचा हात नारळावर ज्या हळुवारपणे फिरत होता तो पाहून त्याने तोंडावर हात ठेवला.

काथ्या भिजला. वस्तरा चालू लागला. आणि जन्मभर ऐकण्याचे काम केलेला तो माणूस बोलू लागला. लढाई संपली, आबा. सुराज आलं. निजाम गेला, हद्दीची चौकी मोडली, तिथं आता शेळ्या बसत्यात. तुमचा कुत्रा म्हातारा हून गेला, निजल्या जागी. ठकूचं लगीन हाय माघात. पोरगा बरा हाय, मिशी मातर यवडीशीच हाय. वैनी, भाकर मीच खाल्ली बरं का. लई फुगल्ती.

गोजरबाईने पदर डोळ्यांना लावला, आणि पदराआड ती हसतही होती. डावे अंग उजव्यासारखे गुळगुळीत झाले. नाकाच्या जागेखाली, उजव्या अंगालाही मुद्दाम राखलेला, काथ्याचा एक आडवा झुपका तेवढा उरला. पुंजाराम थांबला. त्याने धोकटीतून आरसा काढला आणि नारळासमोर धरला.

"मिशी, आबा?"

ओढ्याचे पाणी वाहत होते. जोशाने एकदा पोथीकडे पाहिले आणि ती मिटली. कुणी घाई केली नाही. पुंजारामने, सूर्यभानाला आरशात पाहायला लागे तेवढा वेळ, नीट वाट पाहिली. मग वस्तरा पुसला.

"हुकूम न्हाई," तो म्हणाला, आणि नारळ मिशीसकट जागेवर ठेवला.

तसाच त्याला अग्नी दिला गेला. गहिनीनाथाची हजामत झाली. रक्त निघाले नाही. माघात ठकूचे लग्न लागले, आणि त्या लग्नाची बोलावणी घेऊन फिरणारा सर्वांत लगबगीचा माणूस पुंजाराम होता. सूर्यभान आणि राहीबाई कुठे गेली, त्या सकाळी तिने त्याला काय दाखवायला बोलावले, हे बोरखेडीला कधीच कळले नाही.

पुंजाराम पुढेही दर साली मढीच्या जत्रेला जात राहिला. माणसांचे गाल पाहणे त्याने सोडून दिले होते. आता तो मिशा पाही.