फडाचं पाणी आणि आत्याची मिरची

पांझरेकाठच्या आमच्या गावात शेत ज्याचं त्याचं, पण पीक सगळ्यांचं एक. बंधाऱ्याच्या पाटाखाली जमिनीचे मोठमोठे फड पाडलेले. एका फडात गहू ठरला की त्यातल्या बठ्ठ्यांनी, म्हणजे सगळ्यांनीच, गहू पेरायचा. पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला. आपल्या शेताकडे परस्पर पाणी वळवायची कोणाची छाती नव्हती. पावसाळ्याआधी घरटी एक माणूस पाटातला गाळ काढायला जायचा आणि दुपारी आम्ही पोरं भाकरी घेऊन पोचायचो. ऐंशीच्या दशकातले ते दिवस आठवले की अजून जीव तिकडे ओढ घेतो.

अशा गावात माझ्या आत्याने गव्हाच्या फडात मिरची लावली. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली होती आणि आमच्याच गल्लीत वेगळी राहायची. तिच्या तुकड्यात काय पेरायचं हे आजवर दुसरेच ठरवत आले होते. यंदा मी माझ्या मनाचं करणार, म्हणाली. गहू उभा होता तोवर मिरचीलाही पाणी मिळालं. होळीच्या सुमारास गहू निघाला आणि रिवाजाप्रमाणे त्या फडाचं पाणी बंद झालं. मिरची तेव्हा ऐन फुलात होती.

पाण्याचा निवाडा करणाऱ्या पंचांमध्ये मुख्य माझेच वडील, आबा. आत्या घरी आली आणि पाण्याची एकच पाळी दे म्हणाली. थोरली बहीण ती, पण मागताना आवाज अगदी बारीक झाला होता. आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "अक्का, तुला दिलं तर उद्या कोणाला नाही म्हणू?"

ती उठून गेली. मिरची जागेवर वाळली. मला आबांचा असा संताप आला होता! कसला हा भाऊ, असं मी आईला तोंडावर म्हटलं आणि बोलणी खाल्ली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर नवे पंच निवडायला गाव मारुतीच्या पारावर जमलं. आबा आधीच उठले आणि यंदा मला मोकळं करा म्हणाले. मग बायकांमधून आत्या उभी राहिली.

"ज्यानी सख्खी बहिणले पाणी दिधं नही, तो दुसराले वशिल्यानं काय दी? यालेच ऱ्हाऊ द्या."

आबाच राहिले. त्या दिवाळीत ते भाऊबीजेची साडी घेऊन तिच्याकडे गेले, मी सोबत होते. तिनं बसायला दिलं, फराळाचं ताट पुढे केलं. ओवाळलं मात्र नाही.