पहिला मांडा

म्हसावदला मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली. खापरावरचे मांडे जमतील तेव्हाच आखाजीला माहेरी जायचं. साऱ्या जगाच्या लेकी अक्षय्य तृतीयेला माहेरी झोके घेणार आणि मी इथं कणीक तिंबत बसणार. माझं माहेर तापीकाठी, बैलांच्या दमणीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पण सासूबाईंनी म्हटलं की ती वाट बंदच.

गुरूही त्यांनीच नेमून दिला. समोरच्या चुलत सासूबाई. सगळी गल्ली त्यांना जिजी म्हणायची. मांडे करावेत तर जिजींनी, असं म्हणणाऱ्यांत जिजींचाच आवाज मोठा. गल्लीतल्या निम्म्या सुना त्यांच्या हाताखालून गेलेल्या, पण एकीला तरी काही शिकवलं असेल तर देव जाणे. शिकायचं म्हणजे आपण सरपणाला कपाशीच्या पऱ्हाट्या मोडायच्या, चूल फुंकायची, पुरण वाटायचं आणि त्यांनी नाक मुरडायचं. "तुन्ही मायनी तुले काय शिकाडं व?" हा रोजचा पाठ. खापर तापलं, पुरण भरलेला गोळा आता हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा, की नेमकं तेव्हाच, "जाय व, पानी लई ये." घागर घेऊन परत यावं तर परातीत मांडे घडी घालून तयार. वर विचारायच्या, "दखं का?" काय बघणार, माझं कपाळ?

घरी करायला बसले की पहिलाच मांडा कोपराशी येता येता फाटायचा. सासूबाई "ऱ्हाऊ दे" म्हणून मला उठवायच्या. आपल्या हातांत ते कसबच नाही, अशी माझीही खात्री झाली. रडले, खोटं कशाला सांगू.

आखाजी तोंडावर आली. एक दिवस विहिरीवर ही गर्दी, म्हणून मी रिकामीच घागर घेऊन माघारी फिरले. दारातून बघते तर जिजी फाटका मांडा तोंडात कोंबत होत्या. हनुवटीला पुरण, गाल फुगलेले. तोंडच भरलेलं, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बोलता येईना. कसाबसा घास गिळून म्हणाल्या, "पहिला फाटसच, पोरी. मन्हा बी फाटस. कोनले सांगू नको." मी मान डोलावली.

नणंद आणि जावई आले त्या दिवशी माझी परीक्षा होती. पाटावर जिजी, मागे सासूबाई. पहिला मांडा फाटला. सासूबाईंनी 'च्' केलं. मी उठले नाही. फाटका मांडा तसाच भाजून जिजींच्या हातात दिला. "जिजी, पुरन गोड व्हयनं का दखा." जिजींनी माझ्याकडे बघितलं, सगळाच्या सगळा खाल्ला आणि म्हणाल्या, "गोड शे." दुसरा अख्खा कोपरापर्यंत उतरला, पुढचेही उतरले.

आखाजीला मी माहेरी झोक्यावर होते. इकडे जिजी गल्लीभर सांगत सुटल्या, "मीच शिकाडं तिले." परत आल्यावर ते ऐकून अंगाचा तिळपापड झाला. मग वाटलं, शिकवलं तर त्यांनीच, फक्त मनाविरुद्ध.

पुढच्या वर्षी शेजारची नवी सून विहिरीवर भेटली. डोळे सुजलेले. तिलाही आखाजीची तीच अट, आणि खापर तापताच जिजींनी तिला पाण्याला पाठवलेलं. कोणाला सांगणार नाही, हे मी जिजींना कबूल केलं होतं. मी काहीच सांगितलं नाही. तिच्या हातातली घागर तेवढी काढून घेतली.

"पानी मी भरसू. तू आत्तेच माघारी जाय."